ब्रेकची मर्यादा

मोटार विकत घेताना ती ताशी किती मैल धावते, शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत गाठते, याची चौकशी बहुतेक सर्वजण करतात. ती थांबते कशी, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. रोजच्या वापरात तो येण्याचे कारणही नसते. सिग्नलपाशी पाय टेकला की मोटार थांबते आणि थांबतच आली आहे. परंतु हीच मोटार एखाद्या रविवारी शर्यतीच्या मार्गावर नेली, तर पाच-सहा मिनिटांच्या आत हा प्रश्न चालकासमोर उभा राहतो, आणि तोही भरवेगात.

अशी हौस आता दुर्मिळ राहिलेली नाही. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचा मार्ग, कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे अशा ठिकाणी शुल्क भरून, डोक्याला हेल्मेट घालून आपली स्वतःची मोटार चालविता येते. त्याला 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. सोमवारी कचेरीत आणि मुलांना शाळेत नेणारीच मोटार येथे आणलेली असते, आणि संध्याकाळी तिनेच घरीही जायचे असते. सारी अडचण आहे ती यातच.

ब्रेक वेग नाहीसा करतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो काहीच नाहीसे करीत नाही. तो गतीची उष्णता करतो. बाराशे किलो वजनाची मोटार ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाने चालली असेल, तर तिच्या ठायी ९६० किलोज्यूल ऊर्जा असते. वळण घेण्यासाठी तिचा वेग निम्मा केला की ऊर्जा निम्मी उरत नाही, चौथाई उरते. बाकीचे ७२० किलोज्यूल दोन-तीन सेकंदांत उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतात. एवढ्या उष्णतेत सुमारे अडीच लिटर पाण्याला उकळी फुटेल. यातला मोठा वाटा पुढच्या चाकांकडे जातो. तेथील दोन लोखंडी डिस्क मिळून बारा किलोंच्या धरल्या, तर अशा एकेका ब्रेकने त्यांचे तापमान सुमारे नव्वद अंशांनी चढते. ते उतरण्यास वारा लागतो आणि वेळ लागतो. शहरात वेग कमी असतो आणि दोन ब्रेकांमध्ये उसंत असते. बुद्ध सर्किटची एक फेरी सव्वापाच किलोमीटरांना थोडी कमी. तीत एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आणि प्रत्येक फेरीत चार-पाच जागी जोराचा ब्रेक लावावा लागतो.

पुणे-मुंबई रस्त्याने जाणाऱ्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात ठाऊक आहे. लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना मोटार सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. तो सगळा उतार केवळ ब्रेकवर उतरला, तर वर सांगितलेल्या नऊ जबर ब्रेकांइतकी उष्णता निर्माण होईल. म्हणूनच जुने चालक घाटमाथ्यावरच खालचा गिअर टाकतात आणि बराचसा भार इंजिनावर सोपवितात. शर्यतीच्या मार्गावर नऊ ब्रेक दोन फेऱ्यांतच होतात, आणि वेग इतक्या थोड्या अवधीत उतरवायचा असतो की इंजिनाची मदत नाममात्रच होते.

पूर्वीच्या ड्रम ब्रेकमध्ये हा दोष फार जाणवे. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरतो. डिस्क उघड्या वाऱ्यात असते, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. १९५३ साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार मोटारीने डिस्क ब्रेकांच्या बळावर जिंकली, तेव्हा या गोष्टीची साऱ्या मोटार-जगताला खात्री पटली. आज साध्या मोटारीलाही निदान पुढे डिस्क असतात. तरीही पॅड असतात ते रस्त्याचे. फार तापले की त्यांतील राळ जळते, वायू सुटतो आणि पकड ढिली पडते. पेडल घट्ट लागते, पण मोटार आवरत नाही. खास शर्यतीचे पॅड याला पुरून उरतात. मात्र ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि किंचाळतात. सकाळी दुधाच्या बाटलीसाठी बाहेर पडणाऱ्याला ते काय कामाचे?

दुसरा धोका अधिक वाईट, कारण तो दिसत नाही. गॅरेजमध्ये ज्याला सर्रास 'ब्रेक ऑइल' म्हणतात ते तेल नव्हेच. तो पायाचा दाब चाकापर्यंत पोचविणारा एक द्रव आहे आणि हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा धर्म आहे. डॉट ४ या प्रतीचा ताजा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा मानदंड आहे. तोच ओलावा शोषलेला असला की ही मर्यादा १५५ वर येते. कोकणातील किंवा कोलकात्यातील दोन पावसाळे पाहिलेल्या द्रवाची काय कथा! तो उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला जातो. ट्रॅकवर जाण्यापूर्वी हजारो रुपयांचे सुटे भाग बसविणारे पुष्कळ असतात. त्याआधी ताजे ब्रेक ऑइल भरून घेणे कितीतरी स्वस्त आणि कितीतरी शहाणपणाचे आहे.

आता पायाकडे वळू. नवखा चालक भीतीपोटी लवकर, हलका आणि लांबलचक ब्रेक लावतो. त्याने पॅड डिस्कला अधिक काळ घासत राहतात आणि दोघांनाही थंड होण्यास उसंत मिळत नाही. ब्रेक थोडा वेळ पण जोराचा असावा, आणि तो मोटार सरळ असतानाच लावावा. मात्र पेडलवर लाथ मारू नये. ब्रेक लागला की मोटारीचा भार पुढच्या टायरांवर येतो. तो येण्यास क्षणभर अवधी देऊन मग दाब पूर्ण वाढवावा, आणि वळण जवळ येताच तो तसाच क्रमाने सोडावा. टायरची पकड हे मंजूर झालेले अंदाजपत्रक आहे. ब्रेकवर सारी रक्कम खर्चली तर वळण्यासाठी काही उरत नाही. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबला तर हलकी झालेली मागची बाजू घसरते आणि मोटार गरकन फिरते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे. चाके जखडू न देण्याचे काम ते चोख करते. पायाखाली पेडल थरथरले तरी पाय उचलायचा नाही. पण पकड वाढविणे त्याच्या हाती नाही, आणि उष्णतेशी तर त्याचा संबंधच नाही.

वळणापूर्वी अंतराचे फलक उभे असतात. पहिल्या फेरीत दूरच्या फलकापाशीच ब्रेक लावावा. उशीर करणे हळूहळू शिकता येते. तीन-चार वेगवान फेऱ्या झाल्या की एक फेरी संथ काढावी, जवळजवळ ब्रेकला स्पर्श न करता. पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले, मऊ लागले, किंवा जळका वास आला, तर त्याच फेरीला आत यावे. ऐन वेगात पेडल खाली गेलेच, तर ते भराभर दोन-तीनदा दाबून पाहावे, गिअर उतरवावा, आणि मोटार वळवण्याच्या नादी न लागता सरळ पुढच्या मोकळ्या जागेत जाऊ द्यावी. ती जागा त्यासाठीच ठेवलेली असते.

आत आल्यावर हँडब्रेक ओढू नये. तापलेला पॅड तापलेल्या मागच्या डिस्कला किंवा ड्रमला एकाच जागी चिकटून राहतो, आणि मग घरी जाताना पेडल थडथडू लागते. गाडी गिअरमध्ये ठेवावी, चाकामागे लाकडी ठोकळा लावावा. संध्याकाळी निघण्यापूर्वी पॅडची जाडी, द्रवाची पातळी आणि चाकांचे नट पाहावेत. पेडल सकाळसारखे लागत नसेल, तर मोटार तेथेच ठेवून दुसऱ्या वाहनाने घरी जावे.