फोनला जिना का दिसत नाही? लंडनच्या एका पबमध्ये मिळालेलं उत्तर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यानंतरची गोष्ट. रक्ततपासणी करायची होती. खरं तर औरंगपुऱ्यात वाढलेल्या माणसाला औरंगपुऱ्यातली लॅब शोधायला नकाशा लागू नये. पण सवय! फोन काढला, 4.7 स्टारची एक लॅब निवडली, आईला रिक्षात बसवलं आणि पोचलो. लॅब दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आई पहिल्या पायरीशी उभी राहिली, वर बघितलं आणि म्हणाली, "एवढे स्टार दिसले तुझ्या फोनला, जिना नाही दिसला का रे?"

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर डेटाबेसमध्ये डोकं घालून बसतो. तरी या प्रश्नावर माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. ते दोन महिन्यांनी मिळालं, आणि तेही लंडनच्या एका पबमध्ये.

स्टार राहू दे, सायडर कुठे मिळते ते सांग

प्रोजेक्टसाठी सहा आठवडे लंडनला गेलो होतो. एका शनिवारी टीममधले आम्ही तिघं फिरायला निघालो. मी, आपल्या नांदेडचा एक मित्र (हा पीत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल) आणि पन्नाशीचा एक इंग्लिश सहकारी. ट्रॅफल्गर स्क्वेअरजवळ मी मोठ्या उत्साहाने नकाशा उघडला आणि 4.6 स्टारचा एक पब दाखवला.

त्याने शांतपणे विचारलं, "इथे हँडपंपची बिअर मिळते का? आणि खरी सायडर?"

मी रिव्ह्यू चाळले. कुणाला फिश अँड चिप्स आवडले होते, कुणाला बाथरूम आवडलं नव्हतं, कुणाचा वाढदिवस मस्त झाला होता. या सगळ्यांची सरासरी 4.6. सायडरचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं.

मग त्याने स्वतःचा फोन काढला. त्याच्या स्क्रीनवरच्या यादीत स्टार महत्त्वाचे नव्हतेच. रिअल एल: आहे. रिअल सायडर: आहे. जेवण, वेळ, व्हीलचेअर, कुत्रा आत चालतो की नाही, अशा प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना. दोन मिनिटांत ठरलं आणि आम्ही चँडॉस प्लेसवरच्या 'द हार्प'कडे निघालो.

पबच्या आत

हार्प हा अरुंद, लांबट पब आहे. भिंतींवर आरसे आणि जुनी व्यक्तिचित्रं, एका बाजूला लांब लाकडी काउंटर, त्यावर ओळीने उभे असलेले पंपांचे दांडे. 2010 सालचा तिथला 'नॅशनल पब ऑफ द इयर' हा पुरस्कार याच पबला मिळाला होता, आणि तो मिळवणारा हा लंडनमधला पहिला पब.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो.

* टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. पारंपरिक पबमध्ये काउंटरवर जाऊन मागायचं आणि लगेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं ते सगळ्यांच्या लक्षात असतं. घुसू नका.
* आपली यूपीआयची सवय इथे कामाची नाही. कॉन्टॅक्टलेस कार्ड मशीनला टेकवलं की झालं. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा.
* तिथे दारू विकत घ्यायचं वय 18 आहे, पण तुम्ही 25 पेक्षा लहान दिसलात तर ओळखपत्र मागतात. (महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षं, हे इथे सांगून ठेवतो.)
* पिंट म्हणजे 568 मिली, चांगलाच मोठा ग्लास. नवख्याने हाफ मागावा, कुणी हसत नाही. पीत नसाल तर 'लाइम अँड सोडा' मागा. नांदेडच्या मित्राने तोच मागितला आणि संध्याकाळभर तोच सगळ्यात जास्त बोलत होता.

रिअल एल म्हणजे नेमकं काय?

बिअर आपल्या शहराला परकी नाही. वाळूज एमआयडीसीत तिचे मोठे कारखाने आहेत. पण बाटलीतली बिअर साधारणपणे गाळलेली आणि उष्णतेने निर्जंतुक केलेली असते. त्यातलं यीस्ट, म्हणजे आंबवणारा सूक्ष्मजीव, काढलेला किंवा मेलेला असतो. म्हणून ती महिनोन्‌महिने टिकते.

रिअल एलचं उलटं आहे. ती ज्या पिंपात भरतात, त्या पिंपातच यीस्ट जिवंत असतं आणि पबच्या तळघरातसुद्धा थोडं थोडं आंबवणं चालू राहतं. त्यातून तयार होणारा वायू हाच तिचा फेस. बाहेरून वेगळा वायू दाबून भरत नाहीत. पाकिटातलं ताक आणि घरच्या विरजणाचं दही यात जो फरक, तोच इथे.

ही बिअर 11 ते 13 अंशांवर देतात, म्हणजे फ्रीजपेक्षा माठाच्या जवळची. "इंग्लंडमध्ये गरम बिअर पितात" हा विनोद इथूनच आला. आणि तो दांडा? तो चक्क आपला हापसा आहे! काउंटरवर दांडा ओढायचा, खालच्या पिंपातून बिअर वर येते. वीज नाही, बटण नाही.

खरी सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं पेय. नाशपातीपासून केली तर तिला पेरी म्हणतात. चवीला ती बाटलीतल्या गोड सरबतासारखी मुळीच नाही. तुरट, आंबटसर, थोडी गढूळ. आणि बहुतेक वेळा बिअरपेक्षा कडक, त्यामुळे जपून. मी हाफच घेतला.

आता आपल्या विषयाचा मुद्दा. असं एक नेहमीचं पिंप 9 गॅलनचं, म्हणजे साधारण 41 लिटरचं, 72 पिंटचं असतं. एकदा उघडलं की आत हवा जाते आणि तीनेक दिवसांत ते संपवावं लागतं, नाहीतर बिअर आंबूस होते. म्हणजे मागच्या वर्षी कुणीतरी दिलेले पाच स्टार आज ग्लासात काय येणार ते सांगूच शकत नाहीत. माहितीसुद्धा ताजी लागते. ती ताजी कोण ठेवतं?

चार मित्र आणि एक यादी

1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या मोठ्या कंपन्यांनी ही जिवंत बिअर बंद करून टिकाऊ, वायू भरलेली बिअर पबमध्ये आणायला सुरुवात केली. सांभाळायला सोपी, पाठवायला सोपी. याला कंटाळून 1971 मध्ये चार मित्रांनी एक मोहीम सुरू केली. तिचं आजचं नाव 'कॅम्पेन फॉर रिअल एल', थोडक्यात 'कॅमरा'. (आपल्या फोनच्या कॅमेऱ्याशी काही संबंध नाही.)

त्यांनी मोर्चे वगैरे काढले, पण खरी ताकद ठरली ती यादी. कुठल्या पबमध्ये चांगली रिअल एल मिळते, हे सभासदांनी स्वतः जाऊन बघायचं आणि लिहायचं. 1974 पासून त्याचं 'गुड बिअर गाइड' हे पुस्तक निघू लागलं आणि पुढे तीच पद्धत फोनवर आली. आजही सभासद पबमध्ये गेल्यावर बिअरला 0 ते 5 गुण देतात. 0 म्हणजे पिंपातली बिअर नव्हतीच, 5 म्हणजे अप्रतिम. गुण पबच्या सजावटीला नाहीत, त्या दिवशीच्या बिअरला.

माझ्या सहकाऱ्यानेही ग्लास संपवून फोनवर गुण टाकले. मी म्हणालो, "याचे तुला काय मिळतात?" तो म्हणाला, "पुढच्या वेळी मला चांगली बिअर मिळते."

तेव्हा आईचा जिना आठवला. फोनला सायडर दिसली, कारण कुणीतरी जाऊन रकाना भरला होता. फोनला जिना दिसला नाही, कारण तो कुणी लिहिलाच नव्हता.

नकाशाच्या पोटात काय असतं?

डिजिटल नकाशावर जागा म्हणजे एक बिंदू: अक्षांश, रेखांश आणि त्याला चिकटवलेल्या चिठ्ठ्या. या चिठ्ठ्यांना टॅग म्हणतात. टॅगचे दोन भाग: प्रश्न आणि उत्तर.

हे उघडपणे बघायचं असेल तर 'ओपनस्ट्रीटमॅप' बघा. 2004 मध्ये स्टीव्ह कोस्ट याने हा प्रकल्प इंग्लंडमध्येच सुरू केला. तिथले सरकारी नकाशे वापरायला तेव्हा भरपूर पैसे पडायचे, म्हणून लोकांनीच नकाशा बनवायचा, विकिपीडियासारखा. यात पबसाठी 'रिअल एल' आणि 'रिअल सायडर' असे खरोखरचे टॅग आहेत! आणि तसाच 'व्हीलचेअर' नावाचाही टॅग आहे: हो, नाही किंवा मर्यादित. कितवा मजला, उघडण्याची वेळ, मराठी नाव, प्रत्येकाला वेगळा टॅग.

स्टार आणि टॅग यातला फरक असा: स्टार म्हणजे अनेकांच्या मतांची सरासरी, टॅग म्हणजे एका प्रश्नाचं एक उत्तर. "लिफ्ट आहे का?" याची सरासरी निघत नाही.

गूगल मॅप्समध्येही 'बदल सुचवा' आहे आणि प्रवेशद्वाराची माहिती भरता येते. तेही जरूर करा. फरक इतकाच की तो साठा कंपनीचा, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा साठा नाव नमूद करून कुणालाही वापरता येतो. उद्या एखाद्या विद्यार्थ्याला 'जिना नसलेले दवाखाने' असं ॲप बनवायचं असेल, तर त्याला कुणाची परवानगी मागावी लागत नाही.

औरंगपुऱ्यात मी काय केलं

परत आल्यावर एका रविवारी सकाळी महात्मा फुले चौकातून निघालो आणि सरस्वती भुवनच्या बाजूने तासभर चाललो. फोनमध्ये 'स्ट्रीटकम्प्लीट' हे अँड्रॉइड ॲप. नकाशावर ते छोटे प्रश्न दाखवतं: हे दुकान किती वाजता उघडतं? आत व्हीलचेअर जाते का? तुम्ही समोर उभे राहून उत्तर द्यायचं. आयफोन असेल तर 'एव्हरी डोअर' वापरा. नवी जागा टाकायलाही ते सोपं आहे.

तीन नियम मात्र पाळा. एक, स्वतः पाहिलेलंच लिहा. दोन, दुसऱ्या नकाशावरून उतरवू नका, ते कॉपीराइटच्या आड येतं. तीन, लोकांची नावं, घरगुती नंबर, खासगी माहिती टाकू नका.

हेही सांगतो की प्रत्येक ॲप प्रत्येक टॅग दाखवतंच असं नाही. पण लिहिलेली माहिती आज ना उद्या दाखवता येते. न लिहिलेली कधीच नाही. आणि एकदा लिहून भागत नाही. दुकान हलतं, लिफ्ट बसते, लिफ्ट बंद पडते. पिंपासारखंच, अधूनमधून चव घेऊन बघावी लागते.

त्या लॅबच्या बिंदूवर मी दोनच गोष्टी लिहिल्या: मजला दुसरा, व्हीलचेअर नाही. चालता चालता तळमजल्यावरची एक लॅब सापडली, तीही टाकली. स्टार एकही नव्हता तिला.

पुढच्या तपासणीला आईला तिथेच नेलं. रिक्षातून उतरून ती सरळ आत गेली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता दिसतो का रे तुझ्या फोनला जिना?"

म्हटलं, "दिसतो. मीच सांगितलं त्याला."