‘च्या’साठी करंगळीच का?

कळफलकावरची अक्षरांची मांडणी दोन कसोट्यांवर पारखता येते. ती किती लवकर लक्षात राहते ही पहिली कसोटी. दिवसभर टाइप करणाऱ्याच्या बोटांना ती किती दमवते ही दुसरी. या दोन कसोट्यांची गल्लत झाली की चर्चा भरकटते. मराठीच्या बाबतीत पहिलीचा विचार फार खोलवर झाला, दुसरीचा मात्र त्या मानाने थोडाच. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठीत मिनिटाला किमान ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचा वेग लागतो. त्यामुळे गोंदिया, तिरोडा किंवा आमगावच्या टायपिंग वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीने हा प्रश्न थेट पोटापाण्याचा आहे.

टाइपरायटरच्या काळात मांडणी ठरवण्याचा अधिकार यंत्राकडे होता. यंत्रावर साधारण ४५ कळा, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे सगळी मिळून नव्वदच्या आसपास. छापखान्यात देवनागरीसाठी शेकडो वेगवेगळे खिळे लागत. तेवढे सगळे नव्वद चिन्हांत बसवायचे तर अक्षरांचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून रेमिंग्टन पद्धतीच्या मांडणीत पुष्कळ व्यंजने अर्धी दिली गेली. अर्ध्या ‘ख’ला काना जोडला की पूर्ण ‘ख’ होई. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे असते, म्हणून ती आधी मारायची आणि मग अक्षर. रफाराचे उलट: उच्चारात ‘र’ आधी येतो, पण टाइप करायचा शेवटी, कारण तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. हात डोळ्यांच्या मागे चाले, कानाचा त्यात काही संबंध नसे. ही मांडणी पाठ करायला महिनोन् महिने लागत, आणि एकदा बोटांत बसली की जन्मभर निघत नसे.

यंत्राला लिपी पेलत नाही, तर लिपीच बदलावी, असाही विचार महाराष्ट्रात जोरात होता. सावरकर आणि काकासाहेब कालेलकर या दोघांनी ‘अ’ची बाराखडी पुढे आणली. ‘इ’, ‘उ’, ‘ए’ ही वेगळी अक्षरे काढून ‘अि’, ‘अु’, ‘अे’ असे लिहिले की तेवढे खिळे आणि तेवढ्या कळा वाचतात. १९५३ साली लखनौला भरलेली लिपी परिषद आणखी एक पाऊल पुढे गेली. ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे द्यावी आणि दीर्घ वेलांटीहून वेगळी ओळखू यावी म्हणून तिचा दांडा आखूड ठेवावा, अशी शिफारस तिने केली. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच ती शिफारस मागे घ्यावी लागली. शतकानुशतके डावीकडे असलेली वेलांटी एका यंत्राच्या गाड्यासाठी उजवीकडे न्यायला विद्वान मंडळी तयार झाली होती, यावरून त्या अडचणीचा आकार कळतो.

ही अडचण सोडवली ती कानपूरच्या आयआयटीने. तिथे आर. एम. के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम सत्तरच्या दशकापासून चालू होते. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तिथला देवनागरी संगणक लोकांपुढे ठेवला गेला. या गटातले मोहन तांबे पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले आणि भारतीय लिप्यांसाठीच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाचे नेतृत्व त्यांनी केले. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने प्रमाण म्हणून स्वीकारलेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी ज्या विचारातून घडली, त्यात तांबे यांचा वाटा मोठा आहे. मूळ कल्पना साधी, पण फार मोलाची: बोटांनी उच्चाराच्या क्रमाने टाइप करावे, संगणकाने त्याच क्रमाने साठवावे, आणि वेलांटी डावीकडे नेण्याचे किंवा रफार वर चढवण्याचे काम पडद्यावर अक्षर उमटताना यंत्राने करावे. लिपी यंत्राच्या दावणीतून सुटली ती इथे. तांबे यांचे नाव मराठीत रोज टाइप करणाऱ्यांनीही क्वचितच ऐकलेले असते, ही खेदाची गोष्ट आहे.

इनस्क्रिप्टचे सौंदर्य कळफलक समोर ठेवून पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत ‘प र क त च ट’. त्यांतल्या ‘क’च्या वर ‘ग’, ‘त’च्या वर ‘द’, ‘च’च्या वर ‘ज’, ‘ट’च्या वर ‘ड’, ‘प’च्या वर ‘ब’. म्हणजे प्रत्येक वर्गातला कठोर वर्ण मधल्या ओळीत आणि त्याचा मृदू जोडीदार वरच्या ओळीत. शिफ्ट दाबली की त्याच कळांवर महाप्राण: ‘ख’, ‘घ’, ‘थ’, ‘ध’. डाव्या हाताकडे स्वरचिन्हे. ऱ्हस्व उकाराच्या वर दीर्घ उकार, ऱ्हस्व वेलांटीच्या वर दीर्घ वेलांटी, एका मात्रेच्या वर दोन मात्रा. शिफ्टसह त्याच कळा पूर्ण स्वर देतात. व्याकरणकारांनी तोंडातल्या उच्चारस्थानांवरून वर्णांची जी वर्गवारी केली, तीच इथे बोटांखाली अंथरलेली आहे. बाराखडी आलेल्या माणसाला ही मांडणी पाठ करावी लागत नाही, ओळखावी लागते.

‘जिल्हा’ हा शब्द टाइप करून पाहावा. ज, वेलांटी, ल, हलन्त, ह, काना: उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. सहा ठोके आणि प्रत्येक ठोक्याला हात बदलतो. एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळेवर पोहोचलेला असतो, म्हणून टायपिंगच्या अभ्यासकांना असा आलटून-पालटून चालणारा क्रम सर्वात पसंत. ‘गोंदिया’तही अनुस्वाराची एक जागा सोडली तर हेच होते.

आता ‘नवेगाव’ घ्यावा. न, व, मात्रा, ग, काना, व. यांतला एकटा ‘ग’ उजव्या हाताचा, बाकी पाचही ठोके डाव्याचे. ‘आमगाव’मध्ये पाचांपैकी चार डावे. जागेच्या ओढाताणीत ‘म’, ‘न’, ‘व’ ही तीन व्यंजने आणि शिफ्टवरचा ‘ण’ डाव्या हाताच्या खालच्या ओळीत गेली, त्याचा हा परिणाम. पहिल्या कसोटीला शंभर टक्के उतरलेली मांडणी दुसरीवर कुठे अडते, ते इथून दिसू लागते.

दुसऱ्या कसोटीचा इतिहास मात्र सावधगिरी शिकवणारा आहे. इंग्रजीची क्वर्टी मांडणी शोल्स यांच्या मिलवॉकीतल्या प्रयोगांतून आली आणि १८७०च्या दशकात रेमिंग्टनने ती बाजारात आणली. दांड्या अडकू नयेत म्हणून टायपिस्टचा वेग मुद्दाम कमी केला, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण क्योटोच्या यासुओका दांपत्याने २०११ साली जुने पेटंट आणि यंत्रे तपासून तारयंत्रावर संदेश उतरवून घेणाऱ्यांच्या गरजांकडे बोट दाखवले. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ऑगस्ट ड्वोराक यांनी विल्यम डीली यांच्यासह १९३६ मध्ये नव्या मांडणीचे पेटंट घेतले. इंग्रजी मजकुराचे सुमारे ७० टक्के ठोके तिने मधल्या ओळीत आणले. क्वर्टीत ते प्रमाण ३२ टक्क्यांच्या आसपास आहे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाने या मांडणीची चाचणी घेऊन तिची वाखाणणी केली. खुद्द ड्वोराक तेव्हा नौदलात अधिकारी होते, आणि त्या चाचण्यांवर पुढे लीबोविट्झ आणि मार्गोलिस या अर्थतज्ज्ञांनी गंभीर आक्षेप घेतले. १९५६ मध्ये अर्ल स्ट्राँग यांनी सरकारसाठी घेतलेल्या चाचणीत, तेवढेच जादा प्रशिक्षण क्वर्टीवाल्यांना दिले तर तेही मागे राहत नाहीत, असे दिसले. ‘वेग दुप्पट करणारा नवा कळफलक’ अशी जाहिरात दिसली की ही हकीकत आठवावी. बोटांची धावपळ कमी होते हे मोजता येते. वेग किती वाढेल हे त्यावरून आपोआप ठरत नाही.

धावपळ मोजण्याचे गणित गोंदियाकरांना परके वाटू नये. भाताच्या गिरण्या, गोदामे आणि रेल्वेचा मालधक्का कुठे कुठे ठेवला तर पोत्यांची एकूण वाहतूक सर्वात कमी होईल? कोणत्या दोन ठिकाणांत किती माल फिरतो आणि त्यांच्यात अंतर किती, या दोन तक्त्यांचा गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि ती लहानात लहान करायची. कूपमन्स आणि बेकमन यांनी १९५७ साली कारखान्यांच्या जागांसाठी नेमका हाच प्रश्न मांडला. गिरण्यांच्या जागी अक्षरे ठेवावीत, पोत्यांच्या जागी दोन अक्षरे लागोपाठ येण्याची वारंवारता, अंतराच्या जागी दोन कळांमधले कष्ट. बुर्कार्ड आणि ओफरमान यांनी १९७७ मध्ये टाइपरायटरसाठी असे करूनही पाहिले. अवघड जागा एकच: ३० अक्षरे ३० कळांवर मांडण्याचे प्रकार सुमारे २६५ वर तीस शून्ये इतके होतात. ते सगळे तपासणे कुठल्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून आजचे संशोधक दोन अक्षरांची अदलाबदल करतात, बेरीज घटली तर ती ठेवतात, कधी कधी वाढली तरी मुद्दाम ठेवतात, आणि हे लाखो वेळा करत चांगल्या उत्तरापर्यंत पोहोचतात. सर्वोत्तम सापडल्याची खात्री मिळत नाही, पुष्कळ चांगले मात्र हाती लागते.

या गणिताला मजकूर मराठीच द्यावा लागतो, आणि इथेच इनस्क्रिप्टची खरी परीक्षा आहे. हिंदीत षष्ठीचे प्रत्यय का, की, के. ‘क’ उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, तेही मधल्या ओळीत. याहून चांगली जागा कळफलकावर सापडणार नाही. मराठीत तेच काम चा, ची, चे, च्या करतात आणि ‘च’ करंगळीखाली आहे. ‘च्या’मध्ये तर आधी करंगळी ‘च’वर, मग डाव्या हाताने हलन्त, मग तीच करंगळी खाली ‘य’वर. ‘गोंदियाच्या’ या एका शब्दात उजव्या करंगळीला तीनदा कामाला लागावे लागते. शिवाय ‘ज’, ‘झ’, ‘छ’, ‘ट’, ‘ठ’, ‘ड’, ‘ढ’ हा सगळा भार त्याच बोटावर, हातातल्या सर्वात दुबळ्या बोटावर. मराठीतले सर्वाधिक वापराचे चिन्ह म्हणजे काना. तो वरच्या ओळीत आहे. ‘ळ’ आणि ‘ण’ शिफ्टशिवाय मिळत नाहीत. ‘तळ्यातल्या’ या शब्दाचे दहा ठोके मोजले तर मधल्या ओळीत चार, खालच्या ओळीत चार, वरच्या ओळीत दोन, आणि ‘ळ’साठी शिफ्ट वेगळी. तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या गोंदियात हा शब्द काही दुर्मीळ नाही.

दोष देण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. इनस्क्रिप्ट एका भाषेसाठी घडवलेली नव्हती. तमिळ, बंगाली, तेलुगू, गुजराती या सर्वांना तीच मांडणी चालावी, हे उद्दिष्ट होते आणि ते साधले. मराठी शिकलेला माणूस तेलुगू लिपी निवडून त्याच कळांनी टाइप करू शकतो. या ऐक्याची किंमत प्रत्येक भाषेने थोडी थोडी दिली. मराठीने ती ‘च’, ‘ळ’ आणि ‘ण’च्या रूपाने दिली. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्येच २००८ पर्यंत स्वतंत्र जागा नव्हती, आणि जुन्या मांडणीत होता तो हिंदीचा ‘ऍ’. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत फरक करणारा ‘ऱ्य’ शिफ्टवरच्या ‘ऱ’मधून निघतो, पण वर्गात हे शिकवले नाही तर माणूस आयुष्यभर चुकीचे रूप टाइप करत राहतो.

उपाय सगळे उलथून टाकण्यात नाही. फ्रान्सने २०१९ मध्ये आपल्या कळफलकाचे नवे प्रमाण जाहीर केले तेव्हा आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच गणिताची मदत घेतली, पण लोकांच्या बोटांत बसलेली मूळ अक्षरे हलवली नाहीत. विशेष चिन्हांचीच जागा बदलली. मराठीसाठी ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ॲ’ यांच्यापुरता असा प्रयोग करता येईल. ‘च’ मात्र हलवू नये. तो हलला की वर्गांची रचना मोडते, आणि ती मोडली तर इनस्क्रिप्टचे सर्वात मोठे धन जाते. करंगळीचे कष्ट सोसण्याजोगे आहेत, शिकण्याची सोय गमावण्याजोगी नाही.

फोनवर गणितच वेगळे. तिथे दहा बोटे नसून एक-दोन अंगठे असतात. मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात अनिरुद्ध जोशी आणि सहकाऱ्यांनी आधी वर्णमालेच्या क्रमाने लावलेला ‘कीलेख’ कळफलक केला आणि २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ आणले. व्यंजनाला बोट लावले की त्याची बाराखडी भोवती चक्रासारखी उमलते, हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवले की काम झाले. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय लागलेल्या पिढीलाही बाराखडीत विचार करायला लावणारी ही रचना आहे.

गोंदिया जिल्ह्यात आणखी एक लिपी कळफलकाची वाट पाहते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी घडवली. तिला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाज लोटतो, तिथल्या फलकांची आणि पत्रिकांची भाषा संगणकावर या लिपीत यायची तर मांडणी हवी. मसराम लिपीत क्ष, ज्ञ, त्र यांना, तसेच रफार आणि र-काराला युनिकोडने स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह ३ ते ७ या कळांवर इनस्क्रिप्टने हीच पाच चिन्हे ठेवली आहेत: ्र, र्, ज्ञ, त्र, क्ष. देवनागरीत ती दोन-तीन चिन्हांची जुळणी असते, मसराम लिपीत प्रत्येक कळ एकेक अक्षर देईल. उरतो एकच खरा प्रश्न. दिसणारा हलन्त आणि जोडाक्षर घडवणारा विराम या लिपीत दोन वेगळी चिन्हे आहेत, आणि इनस्क्रिप्टमध्ये त्यांच्यासाठी कळ एकच. यांतले रोजच्या लिखाणात जास्त लागणारे चिन्ह डाव्या मधल्या बोटाखाली हलन्ताच्या जागी ठेवावे आणि दुसरे शिफ्टवर. कोणते जास्त लागते, ते गोंडी मजकूर मोजूनच ठरवावे लागेल.