ब्लॅकआउट कविता

ब्लॅकआउट कविता म्हणजे आधीच छापलेल्या मजकुरातील बहुतेक शब्द काळ्या शाईने झाकून, उरलेल्या शब्दांतून साकारलेली कविता होय. वृत्तपत्राचे पान, जाहिरात, शासकीय अहवाल, जुनी कादंबरी असा कोणताही मुद्रित मजकूर यासाठी चालतो. कवी स्वतःचा शब्द त्यात घालत नाही आणि सहसा शब्दांचा क्रमही बदलत नाही. त्यामुळे ही कविता रचनेइतकीच वाचनाची कृती ठरते. एकच बातमी दोघांनी घेतली, तर कोणी काय राखले आणि काय झाकले यावरून त्या बातमीने प्रत्येकाच्या मनात काय जागे केले ते दिसते.

प्रथम लक्ष वेधणाऱ्या शब्दांभोवती पेन्सिलीने चौकटी आखतात. डावीकडून उजवीकडे व वरून खाली वाचताना अर्थ लागतो, याची खात्री झाल्यावरच उरलेला भाग मार्करने काळा करतात. घाई केल्यास हवा असलेला शब्द गेला तो गेलाच.

मराठीत या प्रकाराला व्याकरणाची वेगळी अडचण येते. विभक्तिप्रत्यय शब्दाला जोडूनच येतात. ‘शेतकऱ्यांनी’ यातील ‘नी’ झाकला, तर उरणारे ‘शेतकऱ्यां’ हे सामान्यरूप एकटे उभे राहू शकत नाही. क्रियापदही कर्त्याचे किंवा कर्माचे लिंग-वचन सोबत घेऊन येते. मात्र याच बंधनामुळे बातमीची भाषा बारकाईने पाहावी लागते. ‘करण्यात आले’, ‘सांगण्यात आले’ अशा रचनांत कृती करणारा बहुधा अनुल्लेखित असतो. कवितेसाठी कर्ता शोधू लागलेल्या वाचकाला ही उणीव चटकन जाणवते.

या प्रकाराचे एक दीर्घ उदाहरण इंग्रज चित्रकार टॉम फिलिप्स यांचे आहे. त्यांनी १९६६ मध्ये डब्ल्यू. एच. मॅलॉक यांची १८९२ सालची एक कादंबरी तीन पेन्सला विकत घेतली आणि तिच्या पानांवर चित्रे रंगवून मोजके शब्द उघडे ठेवले. ‘अ ह्युम्युमेंट’ या नावाच्या या ग्रंथाची अखेरची आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. त्यातील नायकाचे आडनाव इंग्रजी ‘टुगेदर’ या शब्दाच्या पहिल्या चार अक्षरांचे असल्याने, तो किंवा ‘ऑलटुगेदर’ हा शब्द ज्या पानावर असेल तेथेच हा नायक अवतरू शकतो. वृत्तपत्र आणि मार्कर एवढ्यावर भागणारे सोपे रूप अमेरिकन लेखक ऑस्टिन क्लिऑन यांच्या ‘न्यूजपेपर ब्लॅकआउट’ (२०१०) या पुस्तकामुळे लोकप्रिय झाले.

मजकूर काळा करणे ही एरवी सत्तेची रीत. गोपनीय कागदपत्रांवर अशाच पट्ट्या दिसतात. रेजिनाल्ड ड्वेन बेट्स या अमेरिकन कवीने ती रीत उलटवली. किशोरवयात तुरुंगात गेलेले आणि पुढे कायद्याचे शिक्षण घेतलेले बेट्स यांनी ‘फेलन’ (२०१९) या संग्रहात, जामिनाची रक्कम भरता न आल्याने डांबलेल्यांच्या वतीने दाखल झालेले दावे घेतले. त्यांतील कायद्याची जडजंबाल वाक्ये त्यांनी काळ्या पट्ट्यांखाली झाकली आणि त्या माणसांची कैफियत तेवढी उघडी ठेवली.