नाव तेच, क्रम निराळा

संगणकावरील प्रोग्राम आपली सर्व कामे स्वतः करीत नाही. अक्षरांची तुलना, शब्दांचा क्रम यांसारखी अनेकांना लागणारी कामे तो सामायिक लायब्ररीकडे सोपवितो. त्यामुळे जागा वाचते, आणि एका ठिकाणी केलेली सुधारणा सर्वांस लाभते. मात्र लायब्ररी बदलली की तिच्यावर विसंबलेल्या सर्व प्रोग्रामांना तो बदल सोसावा लागतो. यातून उद्भवणारे विरोध दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार उघड होय. आयसीयू ही बहुभाषिक लेखनासाठी वापरली जाणारी लायब्ररी फाइलीच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक बाळगते. ६० हा क्रमांक मागणाऱ्या प्रोग्रामास ६३ क्रमांकाची फाइल चालत नाही. तो सुरूच होत नाही. दोष तत्काळ कळतो.

दुसरा प्रकार मूक आहे. लिनक्सवरील जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये निघाली. फाइलीचे नाव पूर्वीचेच राहिले. परंतु शब्दक्रमाचे नियम आयएसओ १४६५१ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पालटले. परिणामी पोस्टग्रेस या माहितीसंचप्रणालीत जुन्या क्रमाने रचलेल्या अनुक्रमणिका नव्या नियमांशी विसंगत ठरू लागल्या.

ही विसंगती कशी घडते, हे मराठी उदाहरणाने स्पष्ट होईल. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा वर्ण ‘ल’च्या लगेच पुढे आहे, आपल्या वर्णमालेत मात्र तो ‘ह’नंतर येतो. समजा, एका शब्दसूचीची अनुक्रमणिका युनिकोडच्या क्रमाने रचली आहे: परळ, परवाना, परस. पुढे लायब्ररी बदलून तुलना वर्णमालेच्या क्रमाने होऊ लागली. आता ‘परळ’ शोधावयाचा आहे. प्रोग्राम प्रथम मधला शब्द पाहतो. नव्या नियमाने ‘परळ’ हा ‘परवाना’च्या पुढचा, म्हणून तो उत्तरार्धात जातो. तेथे ‘परस’ भेटतो; ‘परळ’ त्याच्याही पुढचा. सूची तेथे संपते आणि ‘परळ’ सूचीत नाही असे उत्तर मिळते. वास्तविक तो पहिलाच शब्द आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हे गंभीर आहे. अमुक शब्द संग्रहात आढळत नाही, हे विधान आपण पुरावा म्हणून मांडतो. येथे ते विधान खोटे ठरते, आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. शिवाय अनन्यतेची तपासणीही याच अनुक्रमणिकेवर चालत असल्याने एकच शब्द दोनदा नोंदला जाण्याचा संभव राहतो.

उपाय अवघड नाहीत. लायब्ररीची आवृत्ती बदलल्यावर अनुक्रमणिका पुन्हा रचाव्यात. मूळ शब्दसंग्रह अनुक्रमणिकेपासून स्वतंत्र ठेवावा. निष्कर्षासोबत क्रमनियमांची आवृत्ती नोंदवावी. ज्याप्रमाणे हस्तलिखिताच्या पाठाबरोबर आपण प्रतीचा निर्देश करतो, त्याचप्रमाणे हे कर्तव्य मानावे.