डोंगरवाटेवरच्या लांब पल्ल्यासाठी घोड्याची तयारी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एन्ड्युरन्स रायडिंग म्हणजे घोड्यावरून एका दिवसात ८० ते १६० किलोमीटरचा पल्ला पार करण्याचा क्रीडाप्रकार. वाट डोंगरातली असेल तर घोड्याचा खरा कस लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत होणारी ‘टेविस कप’ ही दौड याचे ठळक उदाहरण आहे. वेंडेल रॉबी यांनी ती १९५५ साली सुरू केली. टाहो सरोवराच्या परिसरातून निघून ऑबर्न गावापर्यंतचे १०० मैल २४ तासांत कापायचे असतात. वाटेत सुमारे १७,००० फुटांचा चढ आणि सुमारे २२,००० फुटांचा उतार येतो. निघालेल्या घोड्यांपैकी साधारण निम्मेच शेवटपर्यंत पोहोचतात. बाद होणाऱ्यांत जोम असलेले घोडे पुष्कळ असतात. कमी पडतो तो पाय, पोट किंवा शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा तोल. घोड्याच्या तयारीविषयीचे बहुतेक गैरसमज याच ठिकाणी आडवे येतात.

पहिला गैरसमज जातीविषयी आहे: ही दौड फक्त अरबी घोड्याची. अरबी घोडा या खेळात पुढे असतो, आणि त्याला शारीरिक कारणे आहेत. त्याच्या स्नायूंत सावकाश आकुंचन पावणाऱ्या, उशिरा थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण जास्त असते. अंगलट लहान आणि कातडी पातळ असल्याने शरीरातली उष्णता लवकर बाहेर पडते. पण टेविसची वाट खेचरांनी, रानटी कळपांतून पकडून शिकवलेल्या मस्टँग घोड्यांनी आणि इतर अनेक जातींनीही पूर्ण केली आहे. दख्खनमध्ये भीमा-नीरेच्या खोऱ्यातली भीमथडी तट्टे धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाडाचे ओझे वाहत घाट चढतात-उतरतात, तीही अंगाने लहान आणि काटकच असतात. जातीचा फायदा वरच्या क्रमांकांसाठी झगडताना दिसतो. दौड धडपणे पूर्ण करण्यासाठी पायांची ठेवण, खुरांची प्रत आणि तयारीला दिलेला वेळ यांचे वजन अधिक.

वयाच्या बाबतीत उतावीळपणा फार होतो. चार वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण वाढलेला दिसतो, म्हणून तो तयार झाला असे मानले जाते. प्रत्यक्षात त्याच्या मणक्यांतील वाढीच्या जागा पाच वर्षांच्या पुढेपर्यंत पूर्ण मिटलेल्या नसतात. म्हणूनच अमेरिकी एन्ड्युरन्स संघटनेच्या नियमांनुसार ५० मैलांच्या दौडीसाठी घोडा किमान पाच वर्षांचा असावा लागतो आणि टेविसच्या स्वतःच्या नियमानुसार तिथे किमान सहा वर्षांचा. या मर्यादा घोड्याच्या हाडांनी घालून दिलेल्या आहेत. त्यांतून पळवाट शोधणाऱ्याला त्याची किंमत पुढे कधीतरी मोजावीच लागते.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा: घोडा धापा टाकत नाही, पुढे जायला उत्सुक आहे, म्हणजे तो तयार झाला. घोड्याचे हृदय आणि फुप्फुसे निसर्गतःच अफाट ताकदीची आहेत. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ४० ठोके देणारे हृदय पूर्ण जोरात २२० ते २४० ठोक्यांपर्यंत जाते. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी श्रमाच्या वेळी रक्तात सोडल्या जातात. त्या एकूण पेशींच्या एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असू शकतात. या देणगीमुळे नियमित व्यायाम सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच घोड्याचा दम स्पष्ट सुधारतो. पायांचे तसे नाही. स्नायूंना तीन ते सहा महिने लागतात. कंडरा आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने ते बळकट व्हायला सहा महिन्यांपासून वर्ष जाते. हाडांची पूर्ण घडण होण्यास दोन-तीन वर्षेही लागू शकतात. त्यामुळे चौथ्या महिन्याच्या सुमारास घोडा सर्वांत फसवा असतो. त्याला पळायचे असते, त्याला दम लागत नाही, आणि त्याच्या कंडरा अजून कच्च्या असतात. याच टप्प्यावर स्वार वेग वाढवतो आणि पुढच्या पायाच्या नळीमागची कंडरा सुजते. ती बरी व्हायला बहुधा वर्ष जाते.

याची उलट बाजूही लक्षात घेण्यासारखी आहे. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्याने तिथल्या लाल मातीच्या वाटांवर घोडे पर्यटकांना रोज फिरवतात. असा घोडा रोज डोंगरात चालतो, तेव्हा तो लांबच्या दौडीसाठी आपोआप तयार असणार, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे खूर आणि पाय त्या वाटेला सरावलेले असतात, हे खरे. पण कदमचालीने तासभर चालणे आणि दुडकीने कित्येक तास जाणे या दोन वेगळ्या मेहनती आहेत. शरीर ज्या कामाचा सराव करते, त्याच कामासाठी तयार होते.

मग तयारी कशी करायची? पायाभरणीचे पहिले तीन ते सहा महिने लांब आणि संथ मेहनतीचे असतात. सुरुवातीला बहुतेक कदमचाल, मग तिच्या जोडीला हळूहळू वाढत जाणारी दुडकी. अंतर, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, हा जाणत्या प्रशिक्षकांचा दंडक आहे. तिन्ही एकदम वाढवल्या तर घोडा लंगडू लागल्यावर कारण सापडत नाही. रोज जास्त मैल घातले की जास्त तयारी, हा हिशेब इथे चुकतो. शरीर बळकट होते ते मेहनतीनंतरच्या विश्रांतीत. आठवड्यातून तीन-चार दिवस मेहनत आणि मधले दिवस मोकळ्या रानात किंवा कुरणात चरणे, हा क्रम बहुतेक घोड्यांना मानवतो. सदैव तबेल्यात बांधून ठेवलेल्या घोड्यापेक्षा दिवसभर उंचसखल जागी हिंडणारा घोडा आधीच एक पाऊल पुढे असतो. कोणत्याही वेळापत्रकापेक्षा घोड्याकडे बघणे महत्त्वाचे: भूक मंदावणे, पायाला हात लावल्यावर गरम लागणे, खोगीर घालताना अंग चोरणे ही थांबण्याची चिन्हे आहेत.

डोंगराच्या तयारीत लक्ष चढाकडे जाते आणि उतार दुर्लक्षित राहतो. चढ दिसायला कठीण असतो, नाडी वाढते, घाम येतो. तो हृदयाची आणि मागच्या पुठ्ठ्यांची उत्तम मेहनत करून घेतो, आणि वेग कमी असल्याने पायांना धक्के कमी बसतात. उतारावर नाडी उतरते, म्हणून घोडा विसावला असे स्वाराला वाटते. पण सपाटीवरही घोड्याचे जवळपास ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. उतारावर हा वाटा वाढतो. शिवाय शरीर रोखून धरताना स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. स्नायूंची सूक्ष्म मोडतोड याच प्रकारच्या कामात सर्वाधिक होते. टेविससारख्या वाटेवर उतार चढापेक्षा काही हजार फुटांनी जास्त आहे, हे लक्षात घेतले की उताराचा सराव वेगळा का करावा लागतो ते कळते. आधी सौम्य उतारावर कदमचाल, घोडा पुठ्ठे खाली घेऊन स्वतःला सावरायला शिकला की मग थोडा वेग. तीव्र उतारावर स्वाराने उतरून सोबत चालणे हा उत्तम उपाय आहे. चढावर घोड्याची शेपूट धरून मागून चालण्यालाही अमेरिकी संघटनेच्या नियमांत मुभा आहे. अर्थात त्यासाठी स्वाराचीही तयारी लागते. स्वार केवळ बसलेला असतो हा समज इथेच मोडतो. थकून खोगिरावर एका बाजूला कलंडलेला स्वार घोड्याची पाठ आणि पाय दोन्ही बिघडवतो.

नाडी हे तयारीचे सर्वांत विश्वसनीय माप आहे, पण एकटा आकडा बोलत नाही. १५० ते १६० ठोक्यांच्या वर गेल्यावर बहुतेक घोड्यांच्या रक्तात लॅक्टेट साचू लागते, म्हणून लांबची मेहनत त्याखाली ठेवतात. दौडीतल्या तपासणीच्या ठिकाणी नाडी ठरावीक मर्यादेखाली, बहुधा ६० किंवा ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते. ती उतरली म्हणजे घोडा ठणठणीत, असे स्वारांना वाटते. पशुवैद्य मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. डॉ. केरी रिजवे यांच्या नावाने ओळखली जाणारी एक सोपी चाचणी आहे. नाडी मोजायची, घोड्याला दुडकीने १२५ फूट नेऊन परत आणायचे आणि दौडवायला सुरुवात केल्यापासून एक मिनिटाने पुन्हा मोजायची. नाडी पहिल्याइतकी किंवा कमी असेल तर ठीक. चार-आठ ठोक्यांनी वाढलेली असेल तर थकवा किंवा कुठेतरी दुखणे आहे असे समजून घोड्याकडे जास्त बारकाईने पाहतात. याशिवाय पोटातले आवाज, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून सोडल्यावर रक्त परत यायला लागणारा वेळ, चिमटीत धरलेली कातडी किती लवकर सपाट होते, आणि चालीतला लंगडेपणा हे सर्व पाहिले जाते. पोट शांत झाले तर तो मोठा इशारा असतो. सरावातही हीच तपासणी घरी करून नोंद ठेवली, तर आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे माहीत होतात आणि बिघाड लवकर ओळखता येतो.

खुरांबाबत एकच सांगण्यासारखे आहे. दगडी वाटेवर लोखंडी नाल हाच एक पर्याय नाही. चिकटवलेले कृत्रिम बूट घालून घोड्यांनी टेविस जिंकलीही आहे. पण नाल असो वा बूट, नालबंदाने खुरांचा तोल नीट साधलेला असणे आणि खुरांबाबत कोणताही बदल दौडीच्या आदल्या आठवड्यात न करणे महत्त्वाचे.

महाराष्ट्रात घोड्याची चंदी म्हटली की भिजवलेला हरभरा डोळ्यांसमोर येतो, आणि जास्त मेहनत म्हणजे जास्त चंदी हा समज सर्वत्र आहे. लांब पल्ल्याच्या संथ कामाचे मुख्य इंधन चरबी आणि वैरणीतून मिळणारी ऊर्जा हे असते. मोठ्या आतड्यात जिवाणू वैरण आंबवतात आणि तयार होणारी आम्ले तासन्तास ऊर्जा पुरवतात. तंतुमय वैरणीने भरलेले हेच आतडे पाणी आणि क्षारांची साठवणही करते. दौडीच्या आधी काही तास दिलेली मोठी चंदी रक्तातले इन्सुलिन वाढवते आणि चरबी वापरण्याची प्रक्रिया मंदावते. प्रथिनांचा अतिरेक शरीरातली उष्णता आणि लघवी वाढवतो. म्हणून शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण हा पाया. ४०० किलोच्या घोड्याला ती रोज सहा ते आठ किलो सुकी वैरण होते. वाढीव ऊर्जा हवी असेल तर तेल. लसूणघास मर्यादेत चांगला. बारीक घोडा हलका, म्हणून चपळ, हाही एक हट्टी समज आहे. १९९०च्या दशकात टेविसमध्येच झालेल्या अभ्यासात कृश घोडे दौड पूर्ण करण्यात मागे पडले. अंगावर मध्यम मांस असलेले घोडे अधिक यशस्वी ठरले आणि स्वाराच्या वजनापेक्षा घोड्याची अंगकाठी निर्णायक दिसली.

पाण्याविषयीचे गैरसमज सर्वांत जुने आणि सर्वांत घातक आहेत. तापलेल्या घोड्याला पाणी पाजले तर पोटशूळ होतो, असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. श्रमानंतर लगेच पाणी दिल्याने पोटशूळ होतो याला अभ्यासांनी दुजोरा दिलेला नाही. उलट थांबवून ठेवल्यास घोड्याची तहान ओसरते आणि तो कमी पितो. घोड्याचा घाम माणसाच्या घामापेक्षा बराच खारट असतो. उष्ण हवेत तासाला १० ते १५ लिटर घाम जाऊ शकतो. पाण्याबरोबर तितकेच क्षारही गेल्याने रक्ताची खारटी वाढत नाही आणि मेंदूला तहानेचा निरोप पुरेसा पोहोचत नाही. म्हणून पाणी न पिणारा घोडा तहानलेला नाही असे मानणे धोक्याचे. भरपाईसाठी क्षार द्यावे लागतात, पण पाणी न पिणाऱ्या घोड्याच्या तोंडात क्षारांची दाट पेस्ट ओतली तर शरीरातले पाणी आतड्याकडे ओढले जाते आणि अवस्था बिघडते. आधी पाणी, मग क्षार.

तापलेल्या स्नायूंवर गार पाणी ओतले की स्नायू आखडतात, हा समजही टिकलेला नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत झालेल्या कामातून भरपूर गार पाण्याने घोडा सुरक्षितपणे आणि झपाट्याने थंड होतो हे दिसले. तापमान फॅरनहाइटमध्ये आणि आर्द्रता टक्क्यांत घेऊन दोन्हींची बेरीज १५०च्या वर गेली की घामाने थंड होणे कठीण जाते, आणि १८०च्या वर धोका गंभीर असतो. कोकणात मे महिन्यात ९१ फॅरनहाइट आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे १६१. कोरड्या हवेत तयार झालेल्या घोड्याला अशा हवेची सवय होण्यास दोन-तीन आठवडे द्यावे लागतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत केलेल्या जोरदार मेहनतीचा फायदा दौडीच्या दिवशी मिळत नाही, फक्त थकवा सोबत येतो. म्हणून या काळात मेहनत कमी करतात. विश्रांतीने तयारी वाया जाते ही भीती निराधार आहे. चांगल्या तयार घोड्याचा दम चार आठवड्यांपर्यंत फारसा घटत नाही. १०० मैलांच्या दौडीनंतर घोड्याला काही आठवडे मोकळे चरायला सोडतात, कारण नाडी आणि भूक पूर्ववत झाल्यावरही कंडरा आणि स्नायू सावरायला जास्त वेळ घेतात.