तळपायाची ऊब

ऑपरेशन होऊन सात तास झालेत. अतिदक्षता विभागात तीन किलोचं, नऊ दिवसांचं बाळ नळ्यांच्या जंजाळात निजलंय आणि शेजारी आई बसलीय. मॉनिटरवर रंगीत रेघा धावतायत. डॉक्टर येतात आणि आधी बाळाच्या पायाला हात लावतात. तळवा गार की कोमट?

हृदयाचं ऑपरेशन, आणि चौकशी पायाची! का, ते कळायला बाळाच्या छातीत डोकावावं लागतं.

हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या या बाळात जन्मतःच एकमेकींच्या जागी होत्या. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त पुन्हा शरीरात फिरायचं आणि फुप्फुसातलं शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसात. पोटात असताना काही बिघडत नाही, कारण ऑक्सिजन वारेतून आईच देत असते. नाळ कापली की बाळ निळं पडू लागतं.

1975 मध्ये ब्राझीलच्या अदिब जातेने यांनी या धमन्या कापून योग्य जागी जोडण्याचं ऑपरेशन यशस्वी करून दाखवलं. त्यातलं सर्वांत नाजूक काम खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या हलवण्याचं. त्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद, टाक्यांचा धागा केसाहून बारीक. आणि बाळाच्या अंगात रक्त किती? सगळं मिळून पाव लिटर, चहाचे दोन कप.

मग येते पहिली रात्र. हृदयाचा डावा कप्पा जन्मापासून फक्त फुप्फुसाकडे रक्त ढकलत होता, हलकं काम. तेच करत राहिला तर त्याचा स्नायू लेचापेचा होतो, म्हणून हे ऑपरेशन शक्यतो पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच करतात. आता अख्ख्या शरीराचा भार त्याच्यावर एकदम आलाय. त्यामुळे पहिल्या सहा ते बारा तासांत हृदयाचा जोर बरेचदा आणखी उतरतो आणि मग सावरतो. हे आईबापांना आधीच नीट सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं. मध्यरात्री औषधं वाढवताना बघून त्यांचा धीर सुटतो.

जोर उतरला की शरीर काटकसर करतं. मेंदू आणि हृदय आधी, हातपाय मागून. कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, बोटं गार पडतात. लघवीही घटते. एवढ्याशा बाळाला तासाला तीन मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडी जास्त लघवी झाली, तरी सगळ्यांना हायसं वाटतं.

बाळ जागं होतं, तोंड वेडंवाकडं करून रडतं, पण आवाज फुटत नाही. श्वासाची नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. आईला ते मुकं रडणं पाहवत नाही. नळी निघाल्यावर येणारा घोगरा, फाटका टाहो तिला जगातल्या कुठल्याही सुरापेक्षा गोड लागतो.

पहाटे नर्स आईला हात धुऊन यायला सांगते आणि तिचा तळहात बाळाच्या पावलावर ठेवते. पाऊल कोमट झालंय.

हेच पाऊल हृदयदोषाची खबर आधीही देऊ शकतं. जन्मानंतर 24 ते 48 तासांत उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिजन मोजायचा सेन्सर लावला, तर असे कितीतरी गंभीर दोष घरी जाण्याआधी लक्षात येतात. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम. तुमच्या घरी तान्हं बाळ येणार असेल, तर दवाखान्यातून निघण्यापूर्वी एवढं विचारा: बाळाच्या हातापायाचा ऑक्सिजन मोजलात का?