‘रेस्क्यू’ आणि आपले वाचविणे

पावसाळा आला, नद्या फुगल्या, की वर्तमानपत्रांतून आणि दूरदर्शनच्या पडद्यावरून एक शब्द हमखास कानांवर आदळू लागतो – ‘रेस्क्यू’. पुरात अडकलेली माणसे ‘रेस्क्यू’ होतात, विहिरीत पडलेला बिबट्या ‘रेस्क्यू’ होतो, एवढेच काय, वाड्यातली पोरेही माळ्यावरचे मांजराचे पिल्लू आता ‘रेस्क्यू’च करतात! शब्द परका म्हणून त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही. टेबल आणि स्टेशन आपण केव्हाच पचविली आहेत. पण पाहुणा घरात राहावयास आला, तर त्याचे कुळगोत्र विचारावे, आणि घरची माणसे कोण आहेत हेही एकदा आठवावे.

या पाहुण्याचे मूळ लॅटिन. तेथे ‘क्वातेरे’ म्हणजे हलविणे, हादरविणे. त्याला ‘बाहेर’ आणि ‘पुन्हा’ या अर्थाचे उपसर्ग जोडले गेले आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला. म्हणजे ‘रेस्क्यू’चा मूळ अर्थ हिसडा देऊन बाहेर काढणे असा. इंग्रजीतला दुसरा शब्द ‘सेव्ह’. तो ‘सुखरूप, धड’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. एकाचे लक्ष ओढणाऱ्या हाताकडे, दुसऱ्याचे ओढल्या गेलेल्या जिवाकडे.

‘रेस्क्यू’तला हा हिसडा कायद्याने तर फारच ओळखला होता. १८६०च्या भारतीय दंड संहितेत कायदेशीर कोठडीतून दुसऱ्याला सोडवून नेणे याला हाच शब्द होता, आणि तो गुन्हा होता. १ जुलै २०२४पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. १८७१च्या गुरांच्या कायद्यातही कोंडवाड्याकडे चाललेली गुरे जबरीने सोडवून नेणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे, आणि तेथेही शब्द हाच. आज ज्या शब्दावर आपण टाळ्या वाजवितो, त्यावर कधीकाळी बेड्या पडत!

आता घरच्या माणसांकडे वळू. मराठीत ‘सोडविणे’ आहे. पण आपण गणितही सोडवितो आणि गहाण पडलेला दागिनाही. ‘तारणे’ आहे, त्याचाच भाऊ ‘तारण’ सावकाराच्या पेढीवर बसलेला. ‘बचाव’ आहे, तो न्यायालयात आरोपीच्या वकिलाकडे असतो. ‘उद्धार’ म्हणजे तर अक्षरश: वर उचलणे, पण आपण त्याला एकीकडे देवळात नेऊन बसविला, आणि दुसरीकडे भांडणात सात पिढ्यांचा उद्धार करण्यासाठी राखून ठेवला. उरले ‘काढणे’ आणि ‘वाचविणे’. हे दोन साधे शब्द एकमेकांपासून किती दूर आहेत, ते आमच्या भागाने १९९३ साली पाहिले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि धाराशिव – तेव्हाच्या उस्मानाबाद – जिल्ह्यातले सास्तूर या गावांचा तर ढिगारा झाला. आज सास्तूर लोहारा तालुक्यात आहे. तेव्हा हा तालुका वेगळा झालेला नव्हता. इकडची जुनी घरे दोन-तीन फूट रुंद दगडी भिंतींची, चिखलात रचलेली; वर लाकडे आणि लाकडांवर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंड, म्हणून मोठ्या हौसेने बांधलेले. ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. सुमारे दहा हजार माणसे गेली.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल २००६ साली उभे राहिले. त्या पहाटे असे काही नव्हते. लष्कर येईपर्यंत जे काढले, ते शेजाऱ्यांनी काढले, हातांनी आणि खोऱ्यांनी. येथे भाषेची एक अडचण ध्यानात घ्या. मराठीत ढिगाऱ्यातून जिवंत माणूस ‘काढला’ जातो आणि प्रेतही ‘काढले’ जाते. ‘घरातली किती काढली?’ या प्रश्नाचे उत्तर ऐकूनही ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

इंग्रजी येथे दोन शब्द वेगळे ठेवते. जिवंत माणसासाठी ‘रेस्क्यू’, मृतदेहासाठी ‘रिकव्हरी’. हा नुसता कोशातला भेद नाही. पहिले काम चालू आहे तोवर दगड एकेक करून, कान देऊन उचलावा लागतो. दुसरे सुरू झाले की यंत्रे लावता येतात. शब्द बदलला की हत्यार बदलते, आणि आशाही आवरती घेतली जाते. किल्लारीच्या परिसरातल्याच एका गावात पाच दिवस उलटून गेल्यावर आईबापांनी आपल्या दीड वर्षाच्या मुलीचा निदान देह तरी काढून द्या, असे लष्कराच्या एका अधिकाऱ्याला विनविले. तो देह काढावयास ढिगाऱ्यात शिरला, आणि पोर जिवंत निघाली! शब्द किती लवकर बदलू नये, याचा याहून मोठा धडा कोणत्या व्याकरणात मिळेल?

पण काढले म्हणजे वाचले असेही नाही. ढिगाऱ्यातून निघालेल्या माणसाला घर नव्हते, कित्येकांना घरचे माणूस नव्हते. पुढे सास्तूर धरून ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्यासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त घरांतली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास नेली. हिसड्याचे काम काही दिवसांत संपले. वाचविण्याचे काम वर्षानुवर्षे चालले.

जुन्या लेखनात जीव वांचण्याच्या ‘वां’वर अनुस्वार असे आणि पुस्तक वाचण्याच्या ‘वा’वर नसे. १९६२च्या नियमांनी तो अनुस्वार गेला आणि दोन्ही शब्द दिसावयास एक झाले. अनुस्वार गेला तरी अर्थ जाऊ देऊ नये.

तेव्हा व्यवहारापुरते सांगावयाचे तर एवढेच. पथकाला ‘शोध व बचाव पथक’ म्हणावे. बिबट्या आणि मांजर यांना खुशाल सोडवावे. पुरातून माणूस जिवंत निघाला, तर ‘सुखरूप बाहेर काढला’ असे पूर्ण लिहावे; ‘सुखरूप’ हा शब्द गाळू नये, कारण बातमी वाचणाऱ्या घरात त्याच शब्दाकडे डोळे लागलेले असतात. आणि ‘वाचविला’ हा शब्द मात्र जपून वापरावा. त्याचे कपडे, त्याची चूल, त्याच्या मुलांची शाळा पुन्हा सुरू झाली म्हणजे मग तो लिहावा.